डमीची लाल चिंधी

कारखान्यात ते नवीन मीटर आलं तेव्हा खोक्यासकट त्याला हळदकुंकू लागलं आणि नारळ फुटला. आमच्या साखर कारखान्यात नारळ फुटल्याशिवाय झाडूसुद्धा आत येत नसे, तेव्हा त्यात नवल काही नव्हतं. नवल साहेबांच्या बोलण्याचं वाटलं. इन्स्ट्रुमेंट खात्याचे आमचे साहेब एरवी मोजून बोलणारे. त्या दिवशी खोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हे मीटर स्वतःची चूक स्वतः सांगतं. असा एक तरी माणूस मला या कारखान्यात दाखवा."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो असेन, कारण साहेब माझे गुरू आणि मी त्यांच्या हाताखालचा एकुलता एक मिस्त्री.

साल एकाहत्तर. मी मूळचा पारनेरकडचा, कोरडवाहू मुलखातला. नगरला आयटीआय केलं आणि उत्तरेकडच्या पाटपाण्याच्या भागात या कारखान्यात चिकटलो. चिकटलो म्हणजे सीझनल. गाळप चालू असेल तोवर हजेरी, धुराडं थंड झालं की घरी. पावसाळ्यात माझ्यासारख्यांनी काय खायचं हा प्रश्न कारखान्याला कधी पडला नाही. पर्मनंट माणसाला बारा महिने पगार आणि कॉलनीत नळाची खोली. मी कामगारांच्या चाळीत एका खोलीत राहायचो, बायको विहिरीवरून पाणी आणायची. तान्ही पोरगी झोळीत. या सीझनला साहेबांनी माझं नाव पर्मनंटसाठी वर पाठवलं होतं. सीझन नीट पार पडला की सही होणार होती. आम्हा नवराबायकोचं तेव्हाचं सगळं बोलणं त्या सहीवर येऊन थांबायचं.

आता मीटरचं सांगतो. आधीचा सीझन संपत आला तेव्हा ते आलं होतं आणि दीडेक महिना चाललं होतं. उसाचा रस निघाला की तो हीटरच्या नळ्यांतून जातो, बाहेरून वाफ लागते आणि रस सत्तर अंशांच्या आसपास तापतो. कमी तापला तर त्यातली घाण खाली बसत नाही. जास्त तापला, किंवा नळ्यांत थांबून राहिला, तर करपतो आणि साखर काळपट निघते. रस किती तापलाय ते कळायला पाइपात एक धातूची नळी खुपसलेली असे. तिच्या पोटात बारीक तार. तार जितकी तापेल तितका तिचा विजेला अडथळा वाढतो, आणि तो मोजून पॅनलवरच्या मीटरचा काटा फिरतो. त्या नळीला आम्ही कांडी म्हणायचो. पूर्वीच्या मीटरची खोड अशी, की कांडी बिघडली तरी ते काहीतरी दाखवत बसायचं आणि माणूस फसायचा. नव्या मीटरमध्ये आतच तपासणीची सोय होती. कांडीची तार तुटली की काटा थेट उजव्या टोकाला जाऊन आपटायचा आणि वर लाल दिवा लागायचा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, असं मीटर स्वतःच सांगायचं.

यातलं अक्षर न् अक्षर मला साहेबांनी शिकवलं. ते पुण्याचे, कॉलेज शिकलेले, पण हाताला तेल लागायची लाज नव्हती. चहाच्या सुट्टीत पॅनलमागे उकिडवे बसून ते मला सांगायचे, "कांडी तीन तऱ्हांनी बिघडते. तुटते, चिकटते आणि खोटं बोलायला लागते. तुटली तर मीटर बोंब मारेल. आत तारेला तार चिकटली तर काटा डावीकडे लोळेल, ते शेंबड्या पोरालाही कळेल. खोटं बोलणारी वाईट. सत्तरला पासष्ट म्हणेल आणि चेहरा सरळ ठेवेल. तिथं या मीटरचं काही चालत नाही. तिथं आपण लागतो."

म्हणून दर सोमवारी कांडीशेजारच्या तेलाच्या खाचेत काचेचा थर्मामीटर बुडवायचा आणि काट्याशी ताडून बघायचं. दुसरी युक्ती डमीची. एका लाकडी रिळावर मी साहेबांच्या देखरेखीखाली बारीक तार गुंडाळली होती, बरोबर इतकी, की कांडीऐवजी ती मीटरला जोडली तर काटा सत्तरावर उभा राहावा. डमी जोडून काटा सत्तरावर आला तर मीटर चांगलं, दोष कांडीत. सोपं काम. पण डमी हे विषाचं काम आहे हेही साहेबांनीच सांगितलं. डमी मीटरमध्ये विसरून राहिली तर मीटरला वाटतं तार शाबूत आहे. दिवा लागत नाही. रस उकळो की गोठो, काटा आपला सत्तरावर.

"म्हणून डमी नागडी सोडायची नाही," साहेब म्हणाले होते. "तिला लाल चिंधी बांध. हातभर लांब. पॅनलचं दार लावताना चिंधी बाहेर लोंबली पाहिजे. आंधळ्यालाही दिसली पाहिजे."

मी बायकोच्या जुन्या लाल लुगड्याची, पिवळ्या काठाची पट्टी फाडून डमीला बांधली. हीटरवर काम करणारे मामा ती बघून चेष्टा करायचे. मामा आमच्या कुणाचे सख्खे मामा नव्हते, वयानं मोठे म्हणून सगळे तसं म्हणत. "आरं, ही डमी हाय का नवरी हाय?" असं ते म्हणायचे आणि मी चिंधी त्यांच्या तोंडावर झटकायचो. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढं याच मामांच्या तोंडून मला काय ऐकावं लागलं ते येणारच आहे.

नव्या सीझनची मोळी टाकायचा दिवस ठरला. गव्हाणीची पूजा, पहिली उसाची मोळी, प्रमुख पाहुणे, जेवणावळी. आठ दिवस आधीपासून सगळा कारखाना रंगवायला काढला. पाहुण्यांना साखरेपेक्षा रंग जास्त कळतो असा आमच्या संचालकांचा समज होता. मोळीच्या सकाळी बघतो तर मीटरचा काटा उजव्या टोकाला आणि वर लाल दिवा. मागं जाऊन पाहिलं. हीटरचा पाइप रंगवताना कुणीतरी रंगाऱ्यानं कांडीवर पाय देऊन वर चढायची पायरी केली होती. कांडी मुळापासून वाकली होती आणि आत तार तुटली होती. मीटरनं त्याचं काम चोख केलं होतं.

दुसरी कांडी शिल्लक नव्हती. ती मुंबईहून यायची. साहेबांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मला म्हणाले, "पाहुणे खास हेच मीटर बघायला येणार आहेत. अध्यक्षांनी भाषणात घातलंय."

"मग सांगू की त्यास्नी," मी म्हणालो, "कांडी तुटली तर मीटरनं सांगितलं. हेच तर दाखवायचंय."

मला खरंच तसं वाटत होतं. त्याहून चांगली परीक्षा कुठली असणार? साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं शहाणा माणूस लग्नाच्या मांडवात तेराव्याची गोष्ट काढणाऱ्याकडं बघतो. शुभ दिवशी लाल दिवा. अध्यक्षांची भट्टी तिथंच पेटली असती.

"डमी दे," ते म्हणाले. "मीटर तरी ठीक आहे का बघतो."

मी पेटीतून डमी काढून दिली. चिंधीसकट. ते मीटर तपासणार, यात मला काही वावगं दिसलं नाही, रोजचंच काम होतं. तेवढ्यात त्यांनी मला बॉयलरकडं पिटाळलं. तिथले गेज पुसून, पारखून ठेवायचे होते. मी तिकडं दुपारपर्यंत अडकलो. पाहुणे नेहमीप्रमाणं उशिरा आले. मोळी पडली, टाळ्या झाल्या, रस वाहू लागला. जेवणं झाल्यावर पाहुण्यांना शिर्डीचं दर्शन घ्यायचं होतं. कारखान्याच्या जीपमधून साहेबही त्यांच्याबरोबर निघाले. जाता जाता मला म्हणाले, "दमलास. घरी जा आता, सकाळी ये."

"आणि हीटरचं?" मी विचारलं.

"ते मी बघितलंय."

मला वाटलं, मीटर बंद करून मामांच्या हाती काचेचा थर्मामीटर दिला असेल. आधी आम्ही तसंच चालवायचो. मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅनलपुढं उभा राहिलो. काटा सत्तरावर होता आणि हलत नव्हता. चालत्या रसातल्या कांडीचा काटा कधी गप्प बसत नाही, केसभर का होईना पुढंमागं होतो. हा भिंतीला चिकटवल्यासारखा होता. मी मागचं दार उघडलं. आत माझी डमी. चिंधी नाही. गाठ सोडवून काढून टाकलेली.

मी डमी ओढून काढली. काटा उजव्या टोकाला आपटला, लाल दिवा लागला. मामांना ओरडून वाफ बंद करायला लावली. मामा गोंधळले. म्हणाले, "आरं साहेबांनीच मागनं कायतरी जोडलं काल. म्हणलं, मीटर दुरुस्त झालं, आता काट्यावर चाला. काटा लई झ्याक चालतोय बघ रातभर, जागचा हालला न्हाई."

पहिल्या दिवशी ऊस पिळणारी गिरणी वरचेवर अडकते, दरवर्षीच अडकते. रात्रीतून ती कितीदा तरी थांबली होती. ती थांबली की रस नळ्यांत उभा, आणि वाफ चालूच. काटा सत्तरावर असताना मामांनी वाफ का कमी करावी? त्यांना तसाच हुकूम होता. तो सगळा रस नळ्यांत शिजून करपला होता. हीटर उघडला तेव्हा आत गुळाची काहिल लागावी तशी काळी खरपुडी. त्याच रसाची साखर पहिल्या पोत्यांत भरली गेली, आणि पहिल्या पोत्यांचीही पूजा असते. अध्यक्षांनी पोत्याला कुंकू लावलं, मूठभर साखर हातात घेतली आणि सगळ्यांदेखत ती चहाच्या चोथ्यासारखी निघाली.

मी मात्र त्याआधीच, त्याच सकाळी, धावत जाऊन वर्क्स मॅनेजरांना सांगितलं होतं की मीटरमध्ये डमी राहिली होती, आत्ता काढली. हातात डमी होती. माझ्या मते मी दोष शोधून काढला होता. माझ्या जिवाला बरं वाटत होतं, की निदान आणखी एक पाळी करपायची वाचली. त्यांनी डमी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "ही कुणाची?"

"माझी," मी म्हणालो.

तिथंच माझा निकाल लागला. मला तो कळायला दोन दिवस लागले.

साहेब शिर्डीहून आले ते संध्याकाळी थेट आमच्या खोलीवर. खुर्ची नव्हती म्हणून धान्याच्या डब्यावर बसले. पेढ्याचा पुडा पुढं केला. झोळीतल्या पोरीच्या कपाळाला उदी लावली. मला वाटलं, माणूस माफी मागायला आलाय. मी बायकोला चहा टाकायला सांगितलं.

"मी विसरलो रे," ते म्हणाले. "परतल्यावर काढायची होती. पाहुण्यांनी मुक्काम ठोकला, मी अडकलो."

"चिंधी का काढली पण?"

"बाहेर लोंबत होती. पाहुणे मागूनही बघणार होते."

मग खरं कारण निघालं. चौकशी होणार होती. ते म्हणाले, "तू म्हण की तपासताना तुझ्याकडून राहिली. नवीन आहेस, सीझनल आहेस, रागावतील आणि सोडतील. महिनाभरात मी तुला परत घेतो. माझं नाव आलं तर माझं सगळं संपेल. घरात दोन मुली लग्नाच्या आहेत."

माझी एक मुलगी झोळीत होती, पण ती लग्नाची नव्हती, त्यामुळं तिचा हिशोब कशात धरत नसावेत. मी म्हणालो, "साहेब, तुमी कबूल केलं तर तुमाला रागावतील. मला काढून टाकतील. तुमाला ठावं हाय."

ते चहा तसाच ठेवून उठले. बायको चुलीपाशी सगळं ऐकत होती. ते गेल्यावर तिनं पोरीच्या कपाळावरची उदी पदरानं पुसली आणि मग घाबरून देवाला हात जोडले. पेढे मात्र खाल्ले आम्ही. टाकायची ऐपत नव्हती.

चौकशी संचालकांच्या खोलीत झाली. टेबलावर काचेखाली साईबाबांचं चित्र आणि काचेवर माझी डमी. मी घडलं तसं सांगितलं. डमी मागितली साहेबांनी, लावली साहेबांनी, मी बॉयलरवर होतो. डमी मी चिंधीशिवाय कधी देत नाही, ती चिंधी काढली साहेबांनी, हेही सांगितलं.

एक संचालक म्हणाले, "चिंध्यांचं काय घेऊन बसलास? लाखाचं मीटर आणि तू चिंध्या सांगतोस." बाकीचे हसले.

साहेबांना विचारलं, "डमी कुणी लावली?"

मी त्यांच्याकडं बघत होतो. मनात म्हणत होतो, बोला. लाल दिवा लागायला किती वेळ लागतो? तार तुटली की लागतो. साहेबांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. म्हणाले, "पेटी त्याची, काम त्याचं. मी काय सांगू?"

खोटं ते बोलले नाहीत. पेटी माझीच होती, कामही माझंच. सत्तरला पासष्ट, आणि चेहरा सरळ.

मग मामांना बोलावलं. मला धीर आला. मामांनी साहेबांना डमी जोडताना बघितलं होतं, चिंधी तर ते रोज बघायचे. मामा दारातच उभे राहिले, टोपी हातात. विचारलं, "मोळीच्या दिवशी साहेब पॅनलमागं काही करत होते का?"

"म्या वाफंकडं हुतो. माझं ध्यान न्हवतं."

"डमीला लाल चिंधी असते म्हणतो हा. पाहिलीय कधी?"

मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "चिंधीबिंधी म्या कदी पायली न्हाई."

त्यांच्या धाकट्याला त्या सीझनला वजनकाट्यावर घेणार होते, हे सगळ्या चाळीला माहीत होतं. मी त्यांना त्या दिवशी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. आजही मागं घेत नाही.

मला काढलं. खोली सोडायला लावली. स्टोअरवाल्यानं पेटीतलं एकेक हत्यार मोजून घेतलं. डमी कारखान्याच्या यादीत नव्हती, ती मी केलेली. चौकशीच्या टेबलावरून ती कुणीतरी परत पेटीत टाकली होती. "हे तुझं खेळणं ने," म्हणून त्यानं ती माझ्या हातावर ठेवली. महिनाभरात परत घेतो म्हणणारे साहेब महिनाभरात समोरून आले की रस्ता ओलांडायचे.

मी शिकलो होतो ती विद्या साखर कारखान्यांतच चालायची, आणि कारखान्यांच्या मंडळींची आपसात सोयरीक. जिथं जाईन तिथं माझ्याआधी माझी गोष्ट पोचलेली. "डमीवाला मिस्त्री तूच का?" एका ठिकाणी तर दरवानानंच हसून विचारलं. बायकोचं माहेर सोनईजवळ. आम्ही तिकडं जाऊन एका पडवीत राहिलो. पुढचं साल बाहत्तर. त्या सालाबद्दल या जिल्ह्यातल्या माणसाला काही सांगायला नको. पाऊस आलाच नाही. मेहुण्याच्या वाट्याची भाकरी त्याच्याच पोरांना पुरेना. सरकारनं रस्त्याचं दुष्काळी काम काढलं आणि आम्ही दोघं खडी फोडायला जाऊ लागलो. ज्या हातांनी मी केसाएवढी तार रिळावर गुंडाळायचो ते हात महिन्याभरात असे झाले, की सुईत दोरा ओवता येईना. बायको माझ्यापेक्षा जास्त खडी फोडायची. पोरगी दगडाच्या सावलीला निजायची. सुकडी मिळायची ती आम्ही तिच्यासाठी ठेवायचो.

त्या वर्षी ऊस जळाला होता, तरी कारखान्यानं मोळीचा कार्यक्रम काही सोडला नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी पडवीपुढं कारखान्याची जीप थांबली. शिपाई उतरला. त्याला मी ओळखत होतो. पायांतला फुफाटा झटकत तो म्हणाला, "मिस्त्री, साहेबांनी डमी मागितलीय."

मला आधी कळेचना. मग त्यानं सांगितलं. यंदाही रंगकाम झालं, यंदाही कुणीतरी कांडीवर पाय दिला, दिवा लागलाय. उद्या पाहुणे. नव्या मिस्त्रीला डमी करता येत नाही, आणि साहेबांच्या हातून एका दिवसात जमेना.

"साहेब म्हनलं, डमी दे, मंग सीझनला हजेरी लावून घेतो तुजी."

बायको चुलीपुढं होती. ती वळून माझ्याकडं बघत राहिली. तिच्या उजव्या हाताच्या बोटावर त्या दिवशी हातोडा बसला होता, ते सुजून काळंनिळं झालं होतं. तिला काय हवंय ते मला ठाऊक होतं. मलाही तेच हवं होतं. वर्षभर मी खडी फोडताना दुसरं काही मागितलं नव्हतं.

मी आत गेलो. कपड्यांच्या गाठोड्यातून डमी काढली. त्या जुन्या लुगड्याचा तुकडा अजून होता. त्याची हातभर पट्टी फाडली, डमीला पक्की गाठ मारली आणि आणून शिपायाच्या हातात दिली. माझ्या मनात एवढंच होतं, की लावायची तर लावा, पण तिला चिंधी राहू द्या. रात्री जो कुणी मिस्त्री असेल, त्याच्या घरात माझ्यासारखी वेळ येऊ नये.

शिपायानं ती दारातच खाली धरली आणि नखांनी गाठ सोडवायला लागला.

"हे काय करतोस?"

"साहेबांनी सांगितलंय," तो सहज म्हणाला. "तो चिंधी बांधून देईल. ती तिथंच सोडून ये, म्हनलं."

माझं डोकं सणकलं. सगळ्यात जास्त राग याचा आला, की तो माणूस मला इतका ओळखत होता. मी काय करणार, कशासाठी करणार, सगळं त्याला वीस मैलांवरून दिसत होतं. त्यानंच तर शिकवलं होतं. चिंधी एव्हाना शिपायाच्या पायाशी पडली होती. मी त्याच्या हातातून डमी काढून घेतली आणि म्हणालो, "जा तू. दिवा लागलाय तर लागू दे."

तो बायकोकडं बघून म्हणाला, "वैनी, तुमी तरी सांगा." तिनं चुलीत लाकूड सारलं. मग जीप गेली.

"द्यायची हुती," ती म्हणाली. "आवं, कुनाचं काय बी हुईना. द्यायची हुती तुमी."

तिचं बरोबर होतं. पोरीकडं बघितलं की आजही वाटतं, तिचंच बरोबर होतं. तिनं खाली पडलेली चिंधी उचलली, झटकली आणि सुजलेल्या बोटाला गुंडाळून दातांनी गाठ मारली. सकाळी तशीच हातोडा घेऊन कामावर गेली.

बोलावणं अर्थातच आलं नाही. चारसहा दिवसांनी सोनईच्या बाजारात मामा भेटले. मला टाळायला त्यांना जागा सापडली नाही, मेथीवालीपुढं अगदी समोरासमोर आलो. वर्षात खूप थकले होते. अवघडून म्हणाले, "बरं हाय ना?" बरं नव्हतं ते दिसतच होतं. मग आपणहून कारखान्याचं सांगू लागले. यंदा डमी मिळाली नाही, तर साहेबांनी मीटरला झेंडूचा हार घातला, परडीएवढा. काटा झाकला, दिवा झाकला. पाहुण्यांनी हाराला हात जोडले आणि पुढं गेले. मामा सांगता सांगता हसले. मी हसलो नाही.

"म्हंजी डमीची गरजच न्हवती," मी म्हणालो. "गेल्या सालीबी हारच घालायचा."

"व्हय," मामा म्हणाले आणि जमिनीकडं बघू लागले. बायको शेजारी उभी होती. तिच्या हाताकडं त्यांची नजर गेली. लाल पट्टी, पिवळा काठ. बघत राहिले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ही तीच का गं, डमीची चिंधी?"

बायकोनं बोट वर केलं. मोठ्यानं नाही बोलली. चौकशीत मामा काय म्हणाले होते ते तिला मीच कितीदा तरी सांगितलं होतं.

"मामा," ती म्हणाली, "तुमी तर कदी पायलीच न्हवती ना?"

मामांनी हातातली जुडी मेथीवालीच्या पाटीत परत ठेवली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले.